सर्वांत संथ पट्टीचा वेग

वेगवेगळ्या वेगाच्या रॅमच्या पट्ट्या, म्हणजे आपण ज्यांना स्टिक म्हणतो त्या, एकाच संगणकात चालतात का? प्रश्न साधा आहे, पण उत्तराला इतिहास आहे.

1990च्या दशकाच्या पूर्वार्धात सिम नावाच्या पट्ट्या असत. त्यांच्या चिपवर 60 किंवा 70 अशी खूण असे. माहिती हाती द्यायला तेवढे नॅनोसेकंद लागत. दोन्ही शेजारी बसवल्या, तर 70ची सवड द्यावीच लागे. पुष्कळदा ती माणसानं बायोसमध्ये ठरवायची. चुकली, की संगणक बंद पडे; किंवा त्याहून वाईट, तो चालत राही आणि हिशेबातला एखादा आकडा गुपचूप बदले.

मग मेमरी घड्याळाच्या ठोक्यावर चालू लागली. 1998मध्ये इंटेलचा 440बीएक्स चिपसेट आला, 100 मेगाहर्ट्झचा. म्हणजे एक ठोका 10 नॅनोसेकंदांचा. आधीच्या 66च्या पट्टीला 15 लागत. या नव्या पिढीच्या पट्ट्यांवर एसपीडी नावाची इवलीशी चिप आली. तिच्यात पट्टीची मर्यादा लिहिलेली असते. सुरू होताना बायोस ती वाचतो आणि बोर्डाला जमत असेल, तर सगळ्यांना झेपेल असा वेग धरतो. डीडीआरच्या काळात हीच रीत रुळली.

आता बघा, संथ पट्टीनं आपली मर्यादा खरी सांगितली, तर सहसा फक्त वेग जातो. खोटी सांगितली, तर भरवसाच जातो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात नवं काहीच वाटत नाही!