खाली वर्ग, वर बिऱ्हाड

१८२२ साली न्यूयॉर्कच्या पीटर मॅव्हरिकने एक नकाशा कोरून छापला. व्हर्जिनिया विद्यापीठाचा. विद्यापीठात तोवर एकही विद्यार्थी दाखल झाला नव्हता. नकाशाच्या मधोमध लांबट मोकळी हिरवळ, म्हणजे लॉन, आणि तिच्या माथ्यावर एक वर्तुळ, रोटंडा. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठे चौकोन. ही पॅव्हिलियन, म्हणजे प्राध्यापकांची घरं. त्यांना जोडणारी लहान चौकोनांची ओळ ही विद्यार्थ्यांच्या खोल्यांची. पुढून सलग खांबांची पडवी, म्हणजे पाऊस असो की ऊन, खोलीतून निघालेला मुलगा कोरड्या अंगाने गुरूच्या दाराशी पोहोचावा.

लॉनवरच्या या ५४ खोल्यांत आजही विद्यार्थी राहतात. त्यांतल्या ४७ खोल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना निवडीने मिळतात आणि ती निवड मोठ्या मानाची समजली जाते. पण मूळ कल्पनेत या खोल्या हा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग शेजारच्या पॅव्हिलियनमध्ये होता. तिथे तळमजल्यावर वर्ग भरायचा आणि प्राध्यापक वर राहायचे. हे वर्ग त्या घरांतून कधी आणि का बाहेर पडले, हे कागदांच्या आधाराने पाहता येतं.

कल्पनेचा माग विद्यापीठाचा संस्थापक थॉमस जेफरसन याच्या पत्रांत लागतो. विद्यापीठ म्हणजे एक इमारत नव्हे, ते गाव असावं, असं तो १८०५च्या जानेवारीत व्हर्जिनियातल्या टॅझवेल या राजकारण्याला लिहितो. ६ मे १८१०च्या पत्रात हा विचार तपशिलात उतरतो. ते पत्र टेनेसीतल्या एका कॉलेजच्या विश्वस्तांना आहे. सगळ्यांना एका मोठ्या इमारतीत कोंबलं तर गोंगाट, घाण आणि कोंदट हवा यांखेरीज काही पदरात पडत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याऐवजी प्रत्येक प्राध्यापकाला एक छोटं स्वतंत्र घर द्यावं : खाली वर्गासाठी एक दालन, वर त्याच्यासाठी दोन खोल्या. दोन हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

९ मे १८१७ रोजी जेफरसनने वास्तुविशारद विल्यम थॉर्नटनला लिहिलं. या पत्रात पॅव्हिलियनवर आणखी एक काम येऊन पडतं. कुठल्याही दोन घरांची दर्शनी बाजू सारखी नसावी, म्हणजे वास्तुकला शिकवणाऱ्याला त्यांच्याकडे बोट दाखवून शिकवता येईल. एरवी वर्ग घराच्या आत भरतो, इथे घरच धडा होणार होतं. त्याच वर्षी २४ जुलैच्या पत्रात बेंजामिन लॅट्रोब या दुसऱ्या वास्तुविशारदाने मधोमध एखादी भव्य इमारत असावी असं सुचवलं आणि आराखड्याला माथा मिळाला. ६ ऑक्टोबर १८१७ रोजी सातव्या पॅव्हिलियनची कोनशिला बसली. समारंभाला जेफरसन, मॅडिसन आणि मन्रो हे तीन आजी-माजी राष्ट्राध्यक्ष हजर होते.

पुढचा कागद ऑगस्ट १८१८चा, विद्यापीठाची योजना ठरवायला रॉकफिश गॅप इथे भरलेल्या आयोगाचा अहवाल. प्रत्येक पॅव्हिलियनमध्ये एक व्याख्यानाची खोली आणि प्राध्यापक व त्याच्या कुटुंबासाठी दोन ते चार खोल्या असाव्यात, असं तो सांगतो. १८१०च्या दोन खोल्यांच्या दोन ते चार झाल्या आणि ‘कुटुंब’ हा शब्द आत आला. १८१०च्या पत्रातला प्राध्यापक एकटाच होता. प्रत्यक्षात येणाऱ्याच्या मागे बायको, मुलं आणि स्वयंपाकघर येणार, हे आयोगाच्या ध्यानात आलं होतं. वर्गाला घराबाहेर ढकलणारी पहिली फट या एका शब्दाने पडली, असं मला वाटतं.

हे गाव उभं कोणी केलं, हे प्रॉक्टर, म्हणजे विद्यापीठाचा कारभारी, याच्या हिशेबांत सापडतं. आर्थर ब्रोकेनब्रो १८१९ पासून त्या जागी होता. जमीन सपाट करणं, माती मळून विटा पाडणं, लाकूड कापणं, या कामांवर गुलामगिरीतली माणसं होती. मालकांना भाडं देऊन ती आणली जात आणि खर्चाच्या रकमेपुढे पुष्कळदा नुसतं पहिलं नाव असे. पॅव्हिलियनच्या तळघरांत आणि मागच्या बागांत राबणारीही अशीच माणसं होती. मॅव्हरिकच्या नकाशात त्यांच्यासाठी एकही चौकोन नाही. अशा सुमारे ४,००० माणसांसाठी आता आवारात स्मारक आहे.

७ मार्च १८२५ रोजी विद्यापीठ सुरू झालं. नियम आधीच, ४ ऑक्टोबर १८२४ला, विश्वस्तांनी मंजूर केले होते. प्रत्येक विषयाला दिवसाआड दोन तास. विद्यार्थ्याने नोकर, घोडा किंवा कुत्रा बाळगायचा नाही. दारू आणि शस्त्रं वर्ज्य. गुरू भिंतीपलीकडेच राहतो, तेव्हा मुलं वळणात राहतील, हा या सगळ्यामागचा हिशेब होता.

तो पहिल्याच वर्षी फसला. जेफरसनचं १३ ऑक्टोबर १८२५चं, नातजावई कूलिजला लिहिलेलं पत्र सांगतं की चौदा विद्यार्थी दारू पिऊन, मुखवटे चढवून लॉनवर उतरले. हेतू पोरकट दंग्याचाच होता, असं तो म्हणतो. पण आवरायला बाहेर आलेल्या एमेट आणि टकर या प्राध्यापकांवर मुलं धावून गेली. विश्वस्तांच्या बैठकीत जेफरसन बोलायला उठला आणि त्याला शब्द फुटेना, ही प्रसिद्ध आठवण तिथल्या एका विद्यार्थ्याची, पुढच्या काळात सांगितलेली. तिला त्या आठवड्यातल्या कागदाचं वजन देता येत नाही. तिघांना काढून टाकलं आणि त्यांत एक जेफरसनच्याच नात्यातला होता, एवढं मात्र पक्कं.

खोल्यांतून लिहिलेली पत्रंही आहेत. १८२६ साली सतरा वर्षांचा एडगर ॲलन पो इथे शिकत होता. २१ सप्टेंबरच्या पत्रात तो कळवतो की रोटंडाच्या दर्शनी मंडपाचे खांब पुरे झाले आणि पुस्तकं ग्रंथालयात हलली. त्याच पत्रात एका मारामारीत एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावे घेतल्याची हकीकतही आहे. डिसेंबरमध्ये प्राध्यापकांनी जुगाराची चौकशी केली. खाणावळवाले मुलांबरोबर पत्ते खेळतात हे आपण आत्ताच ऐकतो आहोत, अशी पोची साक्ष त्यांच्या इतिवृत्तात नोंदलेली आहे. गुरूचं घर दोन पावलांवर होतं, तरी चौकशी बसवल्याशिवाय त्याला काही कळत नव्हतं.

मग वर्ग गेले कुठे? काही विषय घरात मावतच नव्हते. शवविच्छेदन कोणाच्या बैठकीखाली करणार? म्हणून १८२५ मध्ये जेफरसननेच शरीररचनेच्या व्याख्यानांसाठी वेगळ्या इमारतीचा आराखडा काढला. एमेटचं रसायनशास्त्र १८२६ मध्ये रोटंडाच्या तळमजल्यावर नेण्याची व्यवस्था झाली. उरलेले वर्ग हळूहळू प्राध्यापकांच्या कुटुंबांना जागा करून देत निघाले आणि तळमजल्याचं दालन बिऱ्हाडाची बैठक झालं. १८५१ ते १८५३ मध्ये रॉबर्ट मिल्सच्या आराखड्यानुसार रोटंडाला जोडून व्याख्यानांची मोठी इमारत उभी राहिली. १८९५च्या ऑक्टोबरात तिथेच आग लागली आणि ती रोटंडात पसरली.

कागदांना पुष्टी देणारा शेवटचा पुरावा भिंतीत मिळाला. रोटंडाच्या अलीकडच्या दुरुस्तीत, २०१५ साली, तळमजल्यावरच्या लंबगोल दालनात बुजवलेला कोनाडा उघडला. आत १८२०च्या दशकातली, रसायनाच्या प्रयोगांसाठी बांधलेली भट्टी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती विटांनी बंद झाली आणि म्हणून आगीतही टिकली. जेफरसनच्या हयातीतच एक वर्ग घर सोडून निघाला होता आणि हा त्याचा मुक्काम.

दुरुस्तीनंतर रोटंडात पुन्हा वर्ग भरू लागले. लॉनवरच्या खोलीतून निघालेली शेवटच्या वर्षाची मुलगी आजही त्याच पडवीने वर्गाला जाते. वाटेतल्या बहुतेक पॅव्हिलियनची दारं मात्र घरांची दारं आहेत, म्हणून ती ओलांडून पुढे जाते.