मंच ते आयोग : सारसोळ्यापासून किती स्टेशनं?

कानात इअरफोन आहेत ना? मग आजचा प्रश्न ऐका. सारसोळ्यातल्या माणसाची फसवणूक झाली, तर त्याने दाद मागायला जायचं कुठे? नेरुळहून दोन स्टेशनं पुढे बेलापूरला, की तासाभराची हार्बर लाईन पकडून मुंबईला? हे अंतर कायदा ठरवतो. आणि गेल्या चाळीस वर्षांत ते बरेचदा बदललंय.

सुरुवात पुण्यातून करू. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी तिथे ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. म्हणजे कायदा यायच्या आधीच आपल्याकडे ग्राहक संघटित होत होता. ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली २४ डिसेंबर १९८६ ला. म्हणून तर त्या दिवशी ग्राहक दिन असतो.

या कायद्याने तीन पायऱ्या बांधल्या : जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. जिल्हा मंचाकडे १ लाखापर्यंतचे दावे. १९९३ मध्ये ही मर्यादा ५ लाख झाली, २००३ पासून २० लाख. त्याच १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौच्या एका खटल्यात सांगितलं, की सरकारी प्राधिकरण घरं बांधून देत असेल तर तीही 'सेवा'च. प्राधिकरणानेच वसवलेल्या नवी मुंबईसाठी हे किती मोठं आहे, बघा!

पण एक गोची होती. तक्रार करायची ती विक्रेत्याचा धंदा जिथे, किंवा व्यवहार जिथे घडला तिथे. ऑनलाईन खरेदीच्या काळात हे कसं जमणार?

मग २०१९ चा नवा कायदा आला. २० जुलै २०२० पासून लागू झाला. मंचाचा 'आयोग' झाला. आणि तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही तक्रार चालू लागली. म्हणजे कंपनी बंगळुरूची असली, तरी तुम्ही कोकण भवनातल्या आयोगात जाऊ शकता.

मर्यादाही बदलली. आता बघतात ते तुम्ही मोजलेले पैसे, मागितलेली भरपाई नाही. जिल्ह्याला आधी १ कोटीपर्यंत अधिकार दिला. पण ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनी तो ५० लाखांवर आणला. आता गंमत ऐका. ६० लाखांचा फ्लॅट घेतला, तर २०२१ च्या उन्हाळ्यात तक्रार बेलापूरला चालली असती. आज तीच तक्रार मुंबईला, राज्य आयोगाकडे. फ्लॅट तोच, बिल्डर तोच. फक्त दिल्लीत एक आकडा बदलला.

म्हणून मंडळी, कायद्यातले आकडे रुक्ष वाटले तरी वाचा. ऑनलाईन तक्रारीची सोय आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. तेव्हा बिल फेकू नका, आत्ताच फोटो काढून ठेवा!