मांडीवरचा प्रवासी

तिकीट काढायला बसले आणि एका रकान्यापाशी अडकले. प्रौढ २, मुले ०, इन्फंट १. लेक वीस महिन्यांची, म्हणजे दोनच्या आत, म्हणजे विमान कंपनीच्या लेखी तिला जागाच नाही. ठरावीक शुल्क भरा आणि मांडीवर घ्या. अकरा किलोचं हे प्रकरण घरात पाच मिनिटं एका जागी टिकत नाही, ते पुणे ते नागपूर दीड तास मांडीवर बसणार?

जायचं होतं आजीकडे. आजी एक्याण्णव वर्षांची. पणतीला अजून नुसतं फोनच्या पडद्यावर बघितलेलं. "आता लवकर आणा बरं," असं ती दोनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघायला नको असं मलाच वाटलं. नवऱ्याचं म्हणणं होतं, गाडीने जाऊ. आपल्या वेळेला निघू, पाहिजे तिथे थांबू, तिला मागे पाय पसरून झोपता येईल. आईचं म्हणणं, रेल्वेच बरी. मी म्हटलं विमान. मग नेहमीप्रमाणे ठरवायचं सोडून वाचत बसले, आणि त्यातून हे सगळं निघालं.

मला आधी वाटत होतं की लहान मुलांना घेऊन उडणं ही आपल्या पिढीची भानगड आहे. तसं नाहीये. प्रवासी विमानं सुरू झाली तेव्हापासून 'या प्रवाशाचं काय करायचं' हा प्रश्न कंपन्यांपुढे आहे, आणि प्रत्येक काळाने त्याचं आपापलं उत्तर काढलंय. काही उत्तरं बघून हसू येतं, काही बघून छातीत धस्स होतं.

१९३० साली अमेरिकेत एलन चर्च नावाची एक नर्स बोईंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीत गेली. तिला स्वतः विमान चालवता येत होतं आणि खरं तर पायलटच व्हायचं होतं. ते त्या काळी कोण देणार? मग तिने दुसरी कल्पना मांडली. विमानात नर्सेस ठेवा, म्हणजे घाबरणाऱ्या लोकांना धीर येईल. तीन महिन्यांच्या प्रयोगासाठी आठ नर्सेस घेतल्या, आणि १५ मे १९३० ला ती स्वतः जगातली पहिली एअर होस्टेस म्हणून उडाली. नर्सच का, तर तेव्हाची विमानं खालून, ढगांतून, गचके खात जायची आणि माणसं भरपूर आजारी पडायची. केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं पहिलं प्रवासी विमान, बोईंगचं स्ट्रॅटोलायनर, १९४० मध्ये सेवेत आलं. त्याआधी तान्हं मूल घेऊन उडणाऱ्या बाईची मला कमाल वाटते.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले, पण त्या चिमुकल्या पस मॉथमध्ये होतं टपाल. मुलंबाळं विमानात यायला पुढची बरीच वर्षं जावी लागली. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. तोवर विलायतेला मुलाबाळांसह जायचं म्हणजे बोट आणि आठवडेच्या आठवडे समुद्र.

आणि नागपूर! हे मला या निमित्ताने पहिल्यांदा नीट कळलं. १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चार दिशांनी चार विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर भेटायची. पोती बदलायची, प्रवासी बदलायचे, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. सगळा देश झोपेत असताना नागपूर जागं! मी आजीला फोनवर विचारलं तर ती लगेच म्हणाली, "हो ना, आम्हाला रात्री घरघर ऐकू यायची. माझी आई म्हणायची, झोपा आता, मुंबईचं विमान आलं." तेव्हा ती पंधरा वर्षांची. घड्याळाऐवजी विमान. त्यातून कुणी लेकरू घेऊन अर्ध्या रात्री उतरलं असेल का, हे तिला सांगता येईना. कारण ती विमानतळावर कधी गेलीच नव्हती. विमान हे वरून जाणारं प्रकरण होतं.

पन्नासच्या दशकातले फोटो बघा मिळाले तर. ब्रिटिश कंपनी बीओएसीच्या विमानांत 'स्कायकॉट' म्हणून एक चीज होती. आईबापांच्या डोक्यावर सामानाच्या फळीला लटकवलेला पाळणा आणि त्यात बाळ. खाली बाबा पेपर वाचताहेत, आई हसतेय. आपल्या घरी छताच्या कडीला झोळी बांधतात तसंच, फक्त घर ढगात. मला आधी फार गोड वाटलं. मग विमान गचका खातं तेव्हा वरच्या कप्प्यातल्या बॅगा कशा दणदणतात ते आठवलं आणि गोडी संपली. याच कंपनीने १९५७ मध्ये मुलांसाठी ज्युनियर जेट क्लब काढला होता. मुलांना एक वही मिळायची, तीत किती मैल उडलो ते लिहायचं आणि कॅप्टनची सही घ्यायची. कॉकपिटमध्ये डोकावायलाही मिळायचं. ते सगळं सप्टेंबर २००१ नंतर दाराआड गेलं. ऑगस्ट २००६ मध्ये तर ब्रिटनमधल्या विमानतळांवर बाळाच्या बाटलीतलं दूध आईबापांनी स्वतः चाखून दाखवायचं, असा नियम काही दिवस होता. द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला होता, त्यामुळे. तसल्या प्रसंगात रांगेत उभ्या आया काय म्हणाल्या असतील ते लिहिण्यासारखं नसणार.

इंडियन एअरलाइन्सच्या काळातला ट्रे आठवतोय का कुणाला? विमान सुटायच्या आधी पेपरमिंट, बडीशेप आणि कापसाचे बोळे. मला वाटायचं हा पाहुणचार. पण गोळ्यांमागे कानाचं शास्त्र होतं. मधल्या कानापासून घशापर्यंत एक नळी असते, एरवी मिटलेली. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. केबिनमध्ये दाब राखलेला असला तरी तो जमिनीवरच्याइतका नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तितका असतो. म्हणजे महाबळेश्वर सोडून पार सिमल्याला जाऊन आल्यासारखं, तेही अर्ध्या-पाऊण तासात. मोठ्या माणसाला गोळी चघळता येते, नाक दाबून हवा ढकलता येते. लहानग्यांची ही नळी आखूड, अरुंद आणि आडवी असते आणि गिळ म्हटलं तर ती गिळत नाहीत. म्हणून चढताना, आणि त्याहून जास्त उतरताना, पाजायचं किंवा काहीतरी प्यायला द्यायचं. आणि रडलं तर रडू द्यायचं, रडतानाही नळी उघडते. हे वाचल्यापासून विमानात रडणाऱ्या मुलांबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं. ती बिचारी स्वतःवर उपचार करत असतात.

असो. आता मांडीकडे येते, कारण खरा घोळ तिथेच झाला.

१९ जुलै १९८९. अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या डीसी-१० विमानाचं शेपटाकडचं इंजिन आकाशात फुटलं आणि विमान वळवायची सगळी हायड्रॉलिक यंत्रणाच गेली. कॅप्टन अल हेन्स आणि सोबतच्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं, पण उतरताना ते मोडलं. २९६ माणसांपैकी ११२ गेली, १८४ वाचली. त्यात मांडीवरची मुलं चार होती. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे आईबापांना सांगितलं गेलं की मुलाला पांघरुणात गुंडाळून पायाशी जमिनीवर ठेवा आणि घट्ट धरा. आदळताना कुणाला धरवणार? एक तान्ही मुलगी उडून वरच्या सामानाच्या कप्प्यात गेली. धूर भरलेल्या विमानात तिचं रडणं ऐकून बाहेर पडलेला एक प्रवासी परत आत गेला आणि त्याने तिला बाहेर काढलं. चारांतलं एक बाळ मात्र गेलं.

ही सूचना देणारी मुख्य एअर होस्टेस जॅन ब्राऊन वाचली. बाहेर आल्यावर त्या बाळाची आई तिच्यासमोर आली. पुढची अनेक वर्षं जॅन ब्राऊन एकच गोष्ट मागत राहिली. प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा द्या. तिचा मुद्दा साधा होता. विमान सुटताना पर्स खाली ठेवायला लावता, लॅपटॉप आत टाकायला लावता, मग फक्त मूल तेवढं सुटं का?

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन मंडळाने १९९० पासून हीच शिफारस केली. पण नियम करणाऱ्या एफएएने तो केला नाही, आणि त्यांचं कारण वाचून मी थांबलेच. ते म्हणाले, बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर कित्येक कुटुंबं परवडत नाही म्हणून विमान सोडून गाडीने जातील, आणि रस्ता विमानापेक्षा इतका धोक्याचा आहे की वाचतील त्याहून जास्त मुलं रस्त्यावर जातील. २००५ मध्ये त्यांनी सक्तीचा विचार सोडूनच दिला. मुलाला स्वतंत्र जागेत नीट बसवणं हेच सर्वांत सुरक्षित, असंही तेच सांगतात. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागचा तुकडा हवेत उडून गेला तेव्हा आत तीन तान्ही मुलं होती. सुदैवाने सगळे वाचले, पण वाद परत पेटला.

गंमत म्हणजे आईच्या पट्ट्यात अडकवायचा तो छोटा पट्टा युरोपात सक्तीचा आहे आणि अमेरिकेत त्याला बंदी. युरोप म्हणतं मूल उडून जाता कामा नये. अमेरिका म्हणते आदळताना आई पुढे वाकली की मूल मधे चिरडेल. दोघांचंही खरं असावं, हे जास्त भीतीदायक.

मी सू सिटीचं सगळं आईला वाचून दाखवलं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "८९ मध्येच मी तुला घेऊन मस्कतला गेले ना." बाबा तिकडे नोकरीला होते. मी आठ महिन्यांची. जूनमधली गोष्ट, म्हणजे त्या अपघाताच्या महिनाभर आधी. तिने मला ओढणीने पोटाशी बांधून घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तिला आपलं बरं वाटलं म्हणून. "लंगोट चौदा नेले होते," एवढंच तिला पक्कं आठवतं.

तर आमचा निर्णय. एफएएचं गणित मी आमच्या घराला लावून बघितलं आणि शरमेने लाल झाले. विमानात तिला स्वतंत्र जागा हवी का यावर मी तीन रात्री वाचत होते, आणि गाडीत? गाडीत ती वीस महिने माझ्या मांडीवरच बसत होती. पुढच्या सीटवर सुद्धा. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीपासून कायदा आहे, मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड, पण कुणी विचारत नाही आणि आम्हीही स्वतःला विचारलं नव्हतं. पन्नासच्या वेगात करकचून ब्रेक लागला तर अकरा किलोचं मूल हातात राहील असं आम्ही कशाच्या जोरावर धरून चाललो होतो? गचक्यात नुसता तिप्पट भार आला तरी तेहतीस किलो होतात. मला तर गव्हाचं दहा किलोचं पोतं उचलताना दम लागतो.

नवऱ्याला हे सांगितलं. तो आधी म्हणाला की आपण सगळे असेच मोठे झालो. मग रात्री काही न बोलता फोनवर चाइल्ड सीटच्या किमती बघत बसला.

गाडीने जायचा बेत मागे पडला. विमानात वेगळी सीट घ्यायची म्हणून कंपनीला फोन केला, तर तिथल्या माणसाला दोनच्या आतल्या मुलाला सीट कशाला हेच समजेना. तीन वेळा लाइनवर ताटकळत ठेवलं आणि फोन कट झाला. शेवटी मांडीवरच. मिळाला तो छोटा पट्टा. एअर होस्टेसने माझ्या पट्ट्यातून ओवून लेकीच्या पोटावर लावला आणि लेकीने तो पहिल्या मिनिटात उघडून दाखवला.

चढताना पाणी प्यायली. मग समोरच्या काकांच्या टकलावर थाप मारली. काकांनी वळून बघितलं, मी माफी मागितली, त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात दिला. पुढचा अर्धा तास त्या किल्ल्यांवर निघाला. उतरताना झोप लागली होती, तिला मुद्दाम उठवलं, कारण झोपेत मुलं कमी गिळतात. मग जी रडली! सगळं विमान वळून बघत होतं आणि मी मनात म्हणत होते, रड, नळी उघड. चाकं टेकताना चांगलाच दणका बसला. माझे दोन्ही हात तिच्याभोवती इतके आवळले होते की नंतर बोटं सरळ करायला वेळ लागला.

बाहेर मामा गाडी घेऊन आला होता. नवी चाइल्ड सीट आम्ही सामानातून नेली होती, ती बसवायला पार्किंगमध्ये पाऊण तास घाम गाळला. मामा म्हणाला, "अरे, दहा किलोमीटर तर जायचं आहे, घे ना मांडीवर." नवरा काही बोलला नाही, पट्टा ओढत राहिला.

आजी ओसरीवर खुर्ची टाकून बसलेली. पणतीला जवळ घेतलं, नखशिखांत बघितलं आणि मला म्हणाली, "रडून राह्यली होती का विमानात?"

"खूप," मी म्हटलं.

"मग इथवर ऐकू कसं नाही आलं वो?"