सिक (लॅटिन शब्द)

सिक हे मूळचे लॅटिन क्रियाविशेषण असून त्याचा अर्थ 'असे' किंवा 'याप्रमाणे' असा होतो. इंग्रजी लेखनात ते अवतरणातील एखाद्या शब्दानंतर बहुधा चौकटी कंसात आणि तिरप्या अक्षरांत छापले जाते. आधीचा शब्द चुकीचा, जुन्या वळणाचा किंवा अनपेक्षित वाटला, तरी तो मूळ मजकुरात तसाच आहे, उद्धृत करणाऱ्याच्या हातून किंवा छपाईत झालेली ती चूक नव्हे, हे त्यातून वाचकाला कळते.

व्युत्पत्ती

'सिक एरात स्क्रिप्टुम' ('असे लिहिलेले होते') या लॅटिन शब्दसमूहाचा संक्षेप म्हणून सिकचा वापर समजावून सांगितला जातो. मात्र सिक हा स्वतः पूर्ण शब्द आहे. त्यामुळे त्यापुढे संक्षेपाचा टिंब देत नाहीत. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्याची जी फोड केली जाते, ती मागाहून रचलेली आहे. इटालियन व स्पॅनिश भाषांतील 'होय' या अर्थाचा 'सी' हा शब्द याच शब्दापासून आला आहे.

वापर

कायदा, इतिहास, पाठचिकित्सा व पत्रकारिता या क्षेत्रांत मूळ मजकूर शब्दशः देणे आवश्यक असते, तेथे सिक उपयोगी पडते. उदाहरणार्थ, १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकेच्या संविधानात 'निवडणे' या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदात काही ठिकाणी दोन 'ओ'ऐवजी 'यू' हे अक्षर आढळते. पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात 'इट्स' या षष्ठ्यर्थी सर्वनामात आजच्या नियमानुसार अनावश्यक ठरणारे लोपचिन्ह आहे. ही दोन्ही रूपे त्या काळी प्रचलित होती. त्यामुळे येथे सिक केवळ रूपातील फरकाकडे लक्ष वेधते, लेखकाचे अज्ञान दाखवत नाही.

टीका

प्रतिपक्षाच्या लहानसहान चुका ठळक करून त्याची खिल्ली उडवण्यासाठीही सिक वापरले जाते. अशा वेळी मुद्द्याचे खंडन न होता वाचकाचे लक्ष केवळ शुद्धलेखनाकडे वळते. ब्रिटिश व अमेरिकन इंग्रजीतील मान्य स्पेलिंगभेदांपुढे किंवा बोलीभाषेतील रूपांपुढे सिक लिहिणेही अनुचित मानले जाते, कारण त्यामुळे शुद्ध रूप अशुद्ध ठरते.

पर्याय

चुकीच्या शब्दाच्या जागी योग्य शब्द चौकटी कंसात देणे, अवतरणाऐवजी आशय स्वतःच्या शब्दांत मांडणे किंवा मूळ लेखन कायम ठेवल्याची एकच टीप आरंभी देणे, हे पर्याय वापरले जातात. विद्वत्तापूर्ण ग्रंथांत 'रेक्टे' ('योग्य रीतीने') या दुसऱ्या लॅटिन क्रियाविशेषणासह शुद्ध रूप देण्याचीही पद्धत आहे.