पालीचा शब्द

दिवेलागणीची वेळ आहे. घरात सोयरिकीचे बोलणे चालले आहे. तेवढ्यात तुळईआडून पाल चुकचुकते. बोलणारा क्षणभर थबकतो आणि वडीलधाऱ्यांची नजर नकळत वर जाते. या इवल्याशा आवाजाने मराठी भाषेतही आपले घर केले आहे. मन कचरले, की शंकेची पाल चुकचुकली असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. बंगालमध्ये मात्र याच आवाजाचा अर्थ नेमका उलटा लावतात. तेथे पालीला ‘टिकटिकी’ म्हणतात. कोणाच्या बोलण्यावर ती टिकटिकली, तर तिने ‘ठीक, ठीक’ अशी साक्ष दिली, असे तेथील जुनी माणसे मानीत आली. प्राणी एक आणि शब्दही एकच; पण एका कानाला त्यात संशय ऐकू येतो, तर दुसऱ्याला ग्वाही.

या ग्वाहीच्या मुळाशी बंगालमध्ये एक करुण दंतकथा सांगतात. खना ही ज्योतिषविद्येत पारंगत असलेली स्त्री. तिची भाकिते तिच्या सासऱ्याच्या विद्येवर मात करू लागली, म्हणून तिची जीभ छाटण्यात आली. ती छाटलेली जीभ एका पालीने गिळली आणि तेव्हापासून पाल सत्यालाच दुजोरा देऊ लागली. कथेतील सासरा म्हणजे वराहमिहिर. कथेला इतिहासाचा आधार नाही. परंतु सहाव्या शतकात अवंती देशात होऊन गेलेला वराहमिहिर हा इतिहासातला पुरुष आहे. त्याच्या ‘बृहत्संहिते’तील शकुनप्रकरणांत घरातल्या पालीला ‘कुड्यमत्स्य’, म्हणजे भिंतीवरचा मासा, असे मोठे चित्रमय नाव आले आहे. अमरकोशात तिला ‘मुसली’ आणि ‘गृहगोधिका’ म्हटले आहे. पुढे पाल अंगावर कोठे पडली असता कोणते फळ, याची कोष्टके पंचांगांतून छापली जाऊ लागली. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात तर छतावरील सोन्यारुप्याच्या पालींना हात लावून दोष निवारण करून घेण्याची प्रथा आजही चालू आहे.

या साऱ्या परंपरेत एक गोष्ट समान आहे. पाल बोलते ती माणसाशी बोलते, हे सर्वांनी गृहीत धरले होते. ती आपल्या जातभाईंशी काही बोलत असेल, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

युरोपीय शास्त्रज्ञांनी पालीची दखल घेतली, ती प्रथम तिच्या नावापुरती. आग्नेय आशियातील एक थोरली पाल रात्री ‘तो-के, तो-के’ असा खणखणीत आवाज करते. मलय लोकांनी पालीला तिच्या आवाजावरूनच नाव दिले होते आणि त्यावरून ‘गेको’ हा शब्द युरोपात गेला. १७५८ मध्ये लिनीयसने तो आपल्या वर्गीकरणात दाखल केला. पण नाव आवाजावरून पडले, तरी अभ्यास झाला तो शरीराचा. एडवर्ड ब्लाइथ हा १८४१ पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक होता. त्याने १८५४ मध्ये पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतून आलेल्या एका ठिपकेदार पालीचे वर्णन प्रसिद्ध केले. हीच आज जगभर ‘लेपर्ड गेको’ म्हणून ओळखली जाणारी पाल. मराठीत तिला बिबट्या पाल म्हणता येईल. ब्लाइथने तिचे ठिपके पाहिले, खवले पाहिले. परंतु संग्रहालयातील नमुन्याला आवाज नसतो. शास्त्राच्या दप्तरात ही पाल मुकीच दाखल झाली.

बिबट्या पालीची जीवनरीत घरातल्या पालीहून वेगळी आहे. तिच्या डोळ्यांना हलत्या पापण्या आहेत. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्याने ती भिंत चढू शकत नाही. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील कोरड्या, खडकाळ मुलखात ती दिवसा दगडांच्या सांदीत राहते आणि रात्री किड्यांच्या शोधात जमिनीवरून हिंडते. जाड शेपटीत चरबीचा साठा असतो आणि जिवावर बेतले, तर ती शेपटी तोडून टाकते.

पालींना आवाज का असावा, याचे उत्तर त्यांच्या रात्रिचर वृत्तीत शोधावे लागते. बहुतेक सरडे मुके. फार तर फुत्कार टाकतील. सरडा दिवसाउजेडी वावरतो, त्यामुळे रंग दाखवून आणि मान हलवून त्याला आपला हक्क सांगता येतो. अंधारात रंगाचा उपयोग नाही. पालींनी फुप्फुसातली हवा कंठातून बाहेर टाकून शब्द काढण्याची युक्ती साधली. डेल मार्सेलिनी या अमेरिकन संशोधकाने १९७४ मध्ये घरात आढळणाऱ्या एका पालीच्या आवाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सलग होणारी चुकचुक, झटापटीच्या वेळची घरघर आणि संकटात सापडल्यावरचा एकच चीत्कार, असे तीन शब्द त्याने वेगळे केले. सलग चुकचुकीचा मुख्य संबंध त्याला हद्दीच्या हक्काशी दिसला. ज्या शब्दाने सोयरिकीचे बोलणे थबकले, तो बहुधा दिव्याजवळच्या भिंतीचा मालक कोण, याविषयीचा होता.

बिबट्या पाल त्या मानाने मितभाषी. तिचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत, कोणी हात पुढे केला, की पाय ताठ करून अंग उंचावते, तोंड वासते आणि आपल्या आकाराला न शोभेल एवढी किंचाळी फोडते. शत्रू क्षणभर दचकावा, एवढाच तिचा हेतू. वय वाढले, की ही किंचाळी विरळ होते. मोठी पाल चिडली वा घाबरली, तर टकटक असे तुटक आवाज काढते. नर मादीजवळ जाताना शेपटीचे टोक वेगाने थरथरवतो आणि ते जमिनीवर आपटून बारीक खुळखुळ ऐकू येते. हा शब्द कंठाचा नव्हे. बाकीचा बराच संवाद गंधाने होतो. मेसन आणि गट्झके यांनी १९९० मध्ये दाखविले, की नर मादीला तिच्या त्वचेवरील द्रव्यांवरून ओळखतो. मादी कात टाकीत असेल, तर तोच नर तिला परकी समजून तिच्यावर चाल करतो आणि कात पुरी झाल्यावर पुन्हा तिची मनधरणी करतो.

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात या पालीची पैदास बंदिवासात होऊ लागली. आज ती जगातील सर्वांत लोकप्रिय पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडते आणि चांगली निगा राखली, तर वीस वर्षांहून अधिक जगते. येथे जुनी चूक नव्या रूपाने परत येते. हातावर घेतलेली पाल टकटक करू लागली, की पाळणाऱ्याला वाटते, ती लाडाने बोलते आहे. वस्तुतः ती म्हणते, ‘मला खाली ठेवा.’ तिचे ऐकले नाही, तर पुढची पायरी चावण्याची, नाही तर शेपटी टाकण्याची. शेपटी पुन्हा उगवते, पण पहिल्यासारखी नाही. आणि तिच्यातला चरबीचा साठा एका क्षणात गमावला जातो. कान देऊन ऐकणाऱ्याला हे टाळता येते. बिबट्या पालीचे मौन हेच पुष्कळदा तिच्या स्वास्थ्याचे लक्षण असते.

या पालीची भावंडे परक्या मुलखातच आहेत असे नाही. पश्चिम भारतातील जात वेगळी नोंदली गेली. ती गुजरात आणि महाराष्ट्रात आढळते. जीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सातपुड्यातील आणखी एका जातीचे वर्णन केले. मात्र खेड्यापाड्यांत या पाली विषारी समजून ठेचल्या जातात. वास्तविक त्यांच्या अंगी विषाचा थेंबही नाही. शेतात कंदिलाच्या उजेडात तोंड वासून उभे राहिलेले पिल्लू किंचाळते, ते भीतीने. माणसाला मात्र ती धमकी वाटते आणि काठी उचलली जाते.

खनेच्या कथेत जीभ छाटली गेली ती सत्य ऐकवेना म्हणून. पालीच्या वाट्याला आलेला अन्याय याहून साधा आहे. तिचा शब्द ऐकला सर्वांनी. पण प्रत्येकाने त्यात आपलेच मन ऐकले, कोणी शंका, कोणी संमती, कोणी माया, कोणी वैर. तिचे म्हणणे तिच्या बाजूने ऐकण्याचा उद्योग सुरू होऊन अजून फार दिवस झालेले नाहीत.