डिस्कसचं पाणी: एका फिल्टरची कुळकथा

१८४० साली व्हिएन्नात योहान याकोब हेकेल यांनी ब्राझीलहून आलेल्या एका चपट्या, वाटोळ्या माशाला शास्त्रीय नाव दिलं: सिम्फिसोडॉन डिस्कस. मासा होता योहान नाटेरर यांच्या संग्रहातला. नाटेरर १८१७ साली ऑस्ट्रियाच्या मोहिमेबरोबर ब्राझीलला गेले आणि अठरा वर्षं तिथेच फिरत राहिले. रिओ नेग्रोच्या खोऱ्यात जमवलेल्या असंख्य प्राण्यांमध्ये हाही एक. तो ज्या पाण्यातून आला ते कोऱ्या चहाच्या रंगाचं, क्षार जवळजवळ नसलेलं, आम्लधर्मी आणि बारा महिने कोमट. शिवाय पाणी एवढं अफाट, की माशाने टाकलेली घाण कुठे गेली हे विचारायचं कारणच नाही.

त्या काळी युरोपात काचेच्या भांड्यातला साधा गोल्डफिशसुद्धा वरचेवर पाणी बदललं तरच जगायचा. डिस्कस घरात ठेवायचा, तर आधी त्याचं पाणी घरात टिकवता यायला हवं होतं. ती विद्या हाती यायला पुढची शंभराहून जास्त वर्षं गेली. तिचा वंशवृक्ष शोधत गेलं, तर तो मासे पाळणाऱ्यांच्या घरी थांबत नाही. थेट पॅरिसच्या सांडपाण्यापर्यंत आणि इंग्लंडमधल्या शेतमातीपर्यंत जातो. फिल्टरच्या खोक्यावर यातलं काही छापलेलं नसतं, म्हणून ते सांगावंसं वाटतं.

सुरुवात एका बाईपासून करू. अ‍ॅना थिन यांनी १८४६ साली टॉर्की इथल्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचं पाणी लंडनमध्ये रोज कुठून मिळणार? मग आहे तेच पाणी त्यांनी वापरात ठेवलं. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. वरून पडताना पाण्यात हवा मिसळे आणि प्रवाळ तगून राहिले. आज पाच-पंचवीस वॉटचा पंप करतो ते काम तेव्हा दोन हात करत होते. पुढे थिन यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही लावल्या.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने केमिकल सोसायटीसमोर आपला प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो ऑक्सिजन मासे घेतात. काही दिवसांनी जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. तेव्हा वॉरिंग्टननी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि भांडं पुन्हा स्वच्छ झालं. ‘समतोल’ टँकची कल्पना इथे जन्मली. तीन वर्षांनी, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि घरोघरी काचेच्या पेट्या मांडायचं वेडच लागलं.

वॉरिंग्टनचा हिशोब सुंदर होता, पण अपुरा. त्यात ऑक्सिजन होता, कार्बन होता, नायट्रोजन नव्हता. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. खाल्लेल्या प्रथिनांचा तो उरलेला भाग. नदीत त्याचा पत्ता लागत नाही. पेटीत तो साठतो आणि माशाच्या कल्ल्यांना जाळतो. समतोलाच्या कल्पनेवर विसंबलेल्या शौकिनांनी पुढची कित्येक दशकं थोडे मासे, पुष्कळ वनस्पती आणि न बदललेलं, मुरलेलं जुनं पाणी यावर भर दिला. जुन्या टँकमध्ये मासे बरे राहतात हा त्यांचा अनुभव खरा होता. मात्र श्रेय ते पाण्याला देत होते, आणि काम करत होते काचेवर, दगडांवर, वाळूवर चिकटून बसलेले दुसरेच जीव.

त्या जीवांचा सुगावा लागला पॅरिसच्या मैल्यात. शहराचं सांडपाणी शेतजमिनीत मुरवलं की स्वच्छ होतं, हे माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. हा निव्वळ रासायनिक प्रकार, असं बहुतेक जण धरून चालले होते. १८७७ मध्ये थिओफिल श्लेझिंग आणि आशिल म्युंत्झ यांनी एक मीटर लांबीची काचेची नळी घेतली, तिच्यात वाळू आणि थोडी चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी थेंबथेंब सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया जसा जाई तसा खाली येई. मग अचानक खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवस वाट कशाला? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद. क्लोरोफॉर्म काढून घेतला, तरी बंदच. शेवटी चिमूटभर माती पाण्यात कालवून वरून ओतली, आणि काही दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे नळीत कोणीतरी राहत होतं, मेलं होतं, आणि मातीतून पुन्हा वस्तीला आलं होतं.

मला ही नळी म्हणजे घरातल्या प्रत्येक फिल्टरचा मूळ पुरुष वाटते. ते वीस दिवसही ओळखीचे आहेत. नवा टँक ‘सायकल’ व्हायला, म्हणजे त्यात हे जीव वसायला, चार ते सहा आठवडे द्या, असं जाणता दुकानदार सांगतो, तेव्हा तो श्लेझिंग-म्युंत्झ यांच्याच नळीबद्दल बोलत असतो.

याच्या पुढचं पाऊल ज्याने टाकलं, त्याचं नाव वाचून मी थबकलो होतो: रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा हा मुलगा, बापाच्याच नावाचा. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती-संशोधन केंद्रात तो मातीतल्या नायट्रोजनचा अभ्यास करत होता. अमोनियाचं नायट्रेट एका दमात होत नाही, हे त्याने दाखवलं. आधी नायट्राइट होतं, मग त्याचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगवेगळे असतात. वर्षानुवर्षं झटूनही ते जीव वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते जमलं १८९० मध्ये झ्युरिकला, सर्गेई विनोग्राडस्की यांना. जिवाणू वाढवायचे तर त्यांना पौष्टिक जिलेटिन द्यायचं, ही तेव्हाची रीत. हे जीव तर असल्या अन्नावर वाढतच नाहीत. विनोग्राडस्कींनी माध्यमातून सेंद्रिय अन्न काढूनच टाकलं, फक्त क्षार ठेवले, तेव्हा कुठे ते वाढले. बापाच्या भांड्यात जो हिशोब राहून गेला होता तो मुलाने मातीत बसून जवळजवळ पुरा केला. पण मातीतलं हे ज्ञान माशांच्या पेटीपर्यंत यायला अजून बराच अवकाश होता.

आधी ते गेलं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या इंजिनिअरांकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी दगडांचे थर रचून त्यांवरून मैलापाणी झिरपवायला सुरुवात केली. दगड काही गाळत नव्हते, ते फक्त जिवाणूंना बसायला जागा आणि हवा देत होते. विसाव्या शतकाच्या मध्याला टँकच्या तळाशी जाळी घालून तिच्यावरच्या वाळूतून पाणी खेचणारे फिल्टर आले. काम तेच, आकार लहान. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांनी बंदिस्त पाण्यात जलचर पाळण्यावर पुस्तक लिहिलं आणि नायट्रोजनचं चक्र मध्यभागी आणून ठेवलं. तिथून पुढे शौकिनांच्या बोलण्यात अमोनिया, नायट्राइट हे शब्द रुळले.

डिस्कसची वाट यादरम्यान वेगळीच चालली होती. तो युरोप-अमेरिकेत पोचला, पण टिकेना, आणि पिल्लं तर जगतच नसत. अंड्यांतून निघालेली पिल्लं वेगळी काढून वाढवायची, ही इतर माशांची रीत इथे फसत होती. का, हे नीट मांडलं विल्यम हिल्डेमन यांनी १९५९ मध्ये: डिस्कसची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. पोहायला लागल्यावर ती आईच्या नाहीतर बापाच्या कुशीला लगडतात. एकजण दमला की झटका देऊन सगळी पिल्लं दुसऱ्याकडे सोपवतो. आईबाप आजारी, तर पिल्लांचं जेवणच बंद. म्हणजे पाणी बिघडलं की एका पिढीबरोबर दुसरीही जाते. जर्मनीत डॉक्टर एडुआर्ड श्मिट-फोके, अमेरिकेत जॅक वॉटली अशांनी हे ओळखून पिढ्यान्‌पिढ्या डिस्कस वाढवले.

डिस्कसची पैदास करणाऱ्यांकडचा टँक बघायला गेलं की पहिल्यांदा विरस होतो. वाळू नाही, झाड नाही. उघडी काच, एक हीटर, अंडी घालायला मातीचा उभा सुळका आणि कोपऱ्यात तपकिरी पडलेला स्पंज फिल्टर. एअर पंपाची हवा स्पंजच्या मधल्या नळीतून बुडबुड्यांनी वर चढते, जाताना पाणी घेऊन जाते, आणि त्या जागी नवं पाणी स्पंजच्या छिद्रांतून आत ओढलं जातं. पिल्लू ओढलं जाईल एवढा जोर त्याला नसतो. हा स्पंज कधी धुतला जातो ते बघावं. पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घेतात, त्यात स्पंज दोन-तीनदा हलके पिळतात, गडद काळपट गाळ निघतो, आणि तो तसाच तपकिरी स्पंज परत टँकमध्ये जातो. नळाखाली धरला की क्लोरीनने श्लेझिंगच्या क्लोरोफॉर्मचंच काम केलं म्हणून समजा.

डिस्कसच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं, त्याला कारणं आहेत. त्याला २८ ते ३० अंश सेल्सिअस पाणी लागतं. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. त्या साडेसातमध्ये मासे आणि जिवाणू दोघांनी भागवायचं. दुसरं, अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या पीएचवर ठरतो. पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, ८ ला तो सातच्या आसपास जातो. आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या बोअरवेलचं पाणी बहुधा जड आणि चढ्या पीएचचं असतं. ते वापरणाऱ्याने फिल्टर पिकायच्या, म्हणजे त्यात जिवाणूंची वस्ती जमायच्या, आत डिस्कस आणले, तर तो माशांच्या जिवाशी खेळतो. आणि पिकलेला फिल्टरसुद्धा अमोनियाचं शेवटी नायट्रेटच करतो. ते बाहेर काढायला नेमाने पाणी बदलण्याला पर्याय नाही.

फिल्टरात नेमकं कोण राहतं, हा शोध अलीकडेपर्यंत चालू होता. शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचा धनी म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव होतं. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याचे टँक तपासले, तर तिथे नायट्रोस्पिरा निघाले. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या टँकमधून अमोनियावर जगणारा आर्किया गटातला जीव वेगळा काढला गेला. तोवर हे काम फक्त जिवाणूंचं समजत होते. पुढे घरगुती टँकच्या फिल्टरांतही त्याचे भाऊबंद सापडले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा नायट्रोस्पिरा मिळाला. म्हणूनच दुकानात मिळणाऱ्या बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा निरोगी टँकमधला जुना स्पंज मला भरवशाचा वाटतो. त्या पाण्याला मानवणारी सगळी वस्ती त्यात आधीच जमलेली असते.

ही वस्ती श्वास घेते, हे वीज गेली की कळतं. स्पंज फिल्टर असेल तर बॅटरीवरचा एअर पंप जोडून वेळ निभावते. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरात मात्र आतला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरून पाणी सडायला लागतं. भारनियमनात तो बरेच तास बंद राहिला असेल, तर वीज आल्याबरोबर चालू करू नये. आधी उघडावा, आतलं पाणी ओतून द्यावं, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्यावा, आणि मगच बटण दाबावं.