परक्याच्या दुखण्याचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्या येथील एक वयोवृद्ध स्नेही सपत्नीक इंग्लंडला जावयास निघाले. मुलगा तेथे अभियंता आहे; सून आणि दोन लहान नातवंडे सोबत आहेत. व्हिसा मिळाला, तिकिटे झाली, मेतकुटाच्या नि लोणच्याच्या बरण्या बांधून झाल्या. परंतु दोन कागदांपाशी त्यांचे घोडे अडले. पहिला कागद मुलाने पाठविलेला होता. चौघांच्या कुटुंबासाठी व्हिसाचा अर्ज करतानाच पाच वर्षांचा आरोग्य-अधिभार म्हणून त्याने १८,११० पौंड आगाऊ भरले होते, त्याची ती नोंद. दुसरा कागद प्रवास-विम्याचा कोरा अर्ज. त्यात मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारलेले.

दोन्ही कागद आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मुलाने एवढी रक्कम मोजली असताना आईबापांच्या दुखण्याची सोय तिच्यातून होऊ नये, हा कुठला न्याय? तुम्ही इतिहास वाचता, सांगा." प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे म्हणजे सुमारे सव्वातीनशे वर्षे मागे जाणे भाग होते. ते उत्तर आम्ही येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत. कारण ज्याच्या घरचे कोणी ना कोणी परदेशी नाही असे कुटुंब आज आमच्या वाचकांत विरळाच असेल.

परक्या गावी आजारी पडण्याचा प्रसंग सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक वेळा आला तो खलाशांवर. त्यामुळे आजारपणासाठी वेतनातून ठरावीक रक्कम कापून ठेवण्याची कल्पनाही त्यांच्या बाबतीत लवकरच अंमलात आली. इंग्लंडमध्ये १६९६ च्या कायद्याने प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा सहा पेन्स ग्रिनिच येथील नाविक रुग्णाश्रमासाठी कापले जाऊ लागले. व्यापारी जहाजांवरचे खलाशीही हे सहा पेन्स भरीत. आश्रमाचा लाभ मात्र मुख्यत्वे आरमारातील लोकांना होई. अमेरिकेने १७९८ साली असाच कायदा केला आणि तेथे महिन्याला वीस सेंट कापण्याचा पायंडा पडला. देणारा एक आणि घेणारा दुसरा, ही विसंगती या व्यवस्थेच्या जन्मापासूनच तिला चिकटलेली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या खलाशांत आपल्याकडचे लोक थोडे नव्हते. कोकणच्या किनाऱ्यावरील आणि गोव्यातील कित्येक घरांतले तरुण मुंबईच्या गोदीतून आगबोटींवर चढत. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणत. लंडनला माल उतरला की परतीचे जहाज मिळेपर्यंत या लोकांना आठवडेच्या आठवडे, क्वचित महिनेही, गोदीच्या आसपास काढावे लागत. अंगावर उष्ण प्रदेशातले कपडे, बाहेर धुके आणि गारठा, जवळ पैसा नाही आणि भाषा येत नाही. अशा स्थितीत ताप भरला तर जायचे कोठे? तेथील गरिबांसाठी जो कायदा होता तो आपापल्या परगण्यातील गरिबांपुरता. जो कोणत्याच परगण्याचा नाही, त्याचे दुखणे कोणाच्याच खाती पडत नसे.

ही उणीव धर्मादायाने थोडीफार भरून काढली. १८२१ साली स्थापन झालेल्या एका खलाशी-रुग्णालय मंडळाने थेम्स नदीत एक जुने लढाऊ जहाज नांगरून त्यावर रुग्णालय उघडले. १८३१ मध्ये त्याच्या जागी ट्रफाल्गरच्या लढाईत भाग घेतलेले 'ड्रेडनॉट' हे जहाज आले आणि पुढे अनेक वर्षे ते रुग्णांच्या सेवेत राहिले. तेथे कोणत्याही देशाच्या खलाशाला प्रवेश होता. पुढे १८५७ साली लाइमहाउस भागात आशियाई परदेशस्थांसाठी एक आश्रयगृह उघडले. त्याच्या देणगीदारांत पदच्युत महाराजा दुलीपसिंगही होते. परभूमीत अडकलेल्या एका राजाने परभूमीत अडकलेल्या खलाशांसाठी हात सैल सोडावा, यात नवल ते काय! परंतु धर्मादाय तो धर्मादायच. त्यात दात्याचे औदार्य असते, घेणाऱ्याचा हक्क नसतो.

हक्काची भाषा आली ती विम्याबरोबर. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा सुरू केला. त्याचे अनुकरण करून लॉइड जॉर्ज यांनी इंग्लंडात १९११ चा कायदा आणला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यावे, मालकाने तीन आणि सरकारने दोन, अशी ती योजना होती. कामगाराला स्वतःपुरता डॉक्टर मिळे. बायकामुले बाहेरच राहिली. आणि लस्करांचे काय? ज्यांचा अधिवास परदेशी आहे असे खलाशी या विम्यात घेतलेच गेले नाहीत. मात्र त्यांना कामावर ठेवणाऱ्या जहाजमालकांकडून वर्गणी घेतली जाई. स्वस्त परकी मजूर ठेवण्याचा मोह मालकांना पडू नये, असा त्यामागील विचार. ती वर्गणी ज्या निधीत पडे, त्याचा लाभ ब्रिटिश खलाशांना होई. रत्नागिरीकडच्या एखाद्या खलाशाच्या नावावर जमा झालेल्या पैशावर त्याचा स्वतःचा हक्क नाही, अशी ही तजवीज होती.

यानंतरचा टप्पा मात्र खरोखर थोर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ च्या डिसेंबरात, विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. (हे गृहस्थ बंगालमधील रंगपूरचा जन्म असलेले, वडील तिकडे सनदी नोकरीत होते.) त्या अहवालात सर्वांसाठी आरोग्यसेवा गृहीत धरली होती. ती प्रत्यक्षात आणली वेल्समधील ट्रेडेगार या खाणकामगारांच्या गावात वाढलेल्या अन्यूरिन बेव्हन यांनी. त्या गावी कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून डॉक्टर ठेवीत. तोच गावकीचा विचार बेव्हन यांनी साऱ्या राष्ट्राला लागू केला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचा खर्च बहुतांशी सरकारी करांतून व्हावयाचा होता. म्हणून अमुक इतके हप्ते भरले आहेत काय, हा प्रश्न रुग्णाला दारात विचारला जाणार नव्हता. तो देशात आहे आणि आजारी आहे, एवढे पुरे होते.

त्यावर ओरड झाली नसती तरच आश्चर्य. परदेशी लोक फुकट चष्मे आणि दात बसवून घेण्यासाठी जहाजे भरभरून येत आहेत, अशा कहाण्या पसरल्या. बेव्हन यांनी १९५२ सालच्या 'इन प्लेस ऑफ फिअर' या पुस्तकात त्यांचा समाचार घेतला आहे. त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा की, परका निवडून काढावयाचा तर आधी प्रत्येक स्वकीयाला आपण परके नाही हे सिद्ध करावे लागेल. आणि त्या खटाटोपाचा जाच वाचलेल्या खर्चाहून जड होईल. शिवाय पाहुणाही त्या देशात वस्तू विकत घेताना अप्रत्यक्ष कर भरतोच. या युक्तिवादात व्यवहार आणि माणुसकी यांची जी सांगड आहे ती राजकारणात दुर्मीळ. तथापि राजकारणाने आपली सोय करून ठेवलीच होती. सेवा सुरू होऊन दीड वर्ष होण्यापूर्वी, १९४९ च्या दुरुस्ती कायद्याने, तेथे सर्वसाधारणपणे वास्तव्य नसलेल्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. तो बत्तीस-तेहेतीस वर्षे नुसता कायद्याच्या पुस्तकात पडून राहिला.

ज्या काळात तो पडून होता, त्याच काळात भारतातून डॉक्टरांची रीघ इंग्लंडकडे लागली होती. औद्योगिक शहरांतील आणि खाणींच्या खोऱ्यांतील कितीतरी दवाखाने या डॉक्टरांनी चालविले. परका माणूस रुग्ण म्हणून आला तर त्याचा हिशेब मांडावा आणि वैद्य म्हणून आला तर त्याला पटकन आत घ्यावे, हा व्यवहार त्या देशाला पुढेही सुटलेला नाही.

१९८२ च्या ऑक्टोबरपासून तो पडून असलेला अधिकार जागा झाला आणि रुग्णालयांनी परदेशी पाहुण्यांकडून शुल्क घ्यावे असे नियम आले. नोकरीसाठी वा कायम राहण्यासाठी आलेले आणि वर्षभर तेथे राहिलेले लोक मात्र त्यातून वगळले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'शहा विरुद्ध बार्नेट' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायपीठाने 'सर्वसाधारण वास्तव्य' म्हणजे काय, हे सांगितले. खटला होता विद्यार्थ्यांच्या शिक्षण-अनुदानाचा. परंतु त्यातील व्याख्या आरोग्यसेवेलाही लागू पडली. जो स्वेच्छेने, कायदेशीरपणे आणि काही निश्चित उद्देशाने तूर्त तेथे स्थिरावला आहे, तो तेथील रहिवासी. मग तो कायमचा राहणार असो वा नसो. परदेशस्थाला दिलेली याहून उदार व्याख्या आम्हांस तरी ठाऊक नाही.

ही उदारता २०१४ च्या स्थलांतर कायद्याने संकुचित झाली. युरोपबाहेरच्या माणसाला कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत 'सर्वसाधारण रहिवासी' मानावयाचे नाही, असे ठरले. आणि त्याऐवजी ६ एप्रिल २०१५ पासून आरोग्य-अधिभार सुरू झाला. आरंभी तो वर्षाला २०० पौंड होता. जानेवारी २०१९ मध्ये ४०० झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालील मुले यांना ७७६. नऊ वर्षांत पाचपटीहून अधिक वाढ झाली. आमच्या स्नेह्यांच्या मुलाचा आकडा असा होतो: दोन मोठ्यांचे पाच वर्षांचे १०,३५०, दोन मुलांचे ७,७६०. हा विम्याचा हप्ता नव्हे. आजारी पडा वा न पडा, रक्कम तीच. शिवाय नोकरी करणारा दरमहा आयकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणीही देतोच, म्हणजे एकाच सेवेसाठी त्याचा खिसा दोनदा हलका होतो. २०२० साली साथीच्या दिवसांत, ज्यांच्या भरवशावर रुग्णालये चालली त्या परदेशी परिचारिका-डॉक्टरांकडूनही हा अधिभार घेतला जातो, हे लोकांच्या डोळ्यांत भरले. तेव्हा मे महिन्यात सरकारला माघार घेऊन आरोग्यसेवकांना सूट द्यावी लागली. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या सहा पेन्सची विसंगती एवढ्या एका जागी तरी दूर झाली.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊ. अधिभार भरणारा मुलगा तेथील स्थानिक डॉक्टरकडे नाव नोंदवून रुग्णालयापर्यंतची सेवा इंग्रज शेजाऱ्यासारखीच घेऊ शकतो. दात, चष्मा आणि इंग्लंडातील औषधचिठ्ठी यांचे शुल्क जसे शेजाऱ्याला पडते तसे त्यालाही पडते. परंतु सहा महिन्यांपर्यंतच्या पाहुण्याच्या व्हिसावर अधिभार घेतला जात नाही. आणि म्हणूनच त्या पाहुण्याचा सेवेवर हक्कही नाही. मुलाची पावती बापाला उपयोगी पडत नाही. भारताशी ब्रिटनचा परस्पर-उपचाराचा करारही नाही. स्थानिक डॉक्टरची भेट आणि अपघात-विभागातील तातडीचा उपचार पाहुण्यालाही विनामूल्य आहे. परंतु तेथून खाटेवर दाखल होताच हिशेब सुरू होतो, आणि तो इंग्लंडात नेहमीच्या दराच्या दीडपटीने. जीव वाचविण्याचा उपचार पैशासाठी अडविला जात नाही, ही त्या व्यवस्थेतील उरलेली पुण्याई. बिल मात्र मागाहून येते. तातडी नसेल तर २०१७ पासून रक्कम आधीच मागितली जाते. पाचशे पौंडांहून अधिक देणे थकले तर पुढचा व्हिसाही नाकारला जाऊ शकतो.

तेव्हा मुलाच्या पावतीने बापाचा विमा चुकत नाही. उलट त्या पावतीच्या मर्यादेमुळेच तो आवश्यक ठरतो. आणि विमा घ्यावयाचा तर जुने दुखणे लपवून घेऊ नये. प्रवास-विम्याच्या बहुतेक करारांत पूर्वीच्या रोगाविषयी वेगळी कलमे असतात. कोठे तो रोग मुळीच धरलेला नसतो, कोठे फक्त प्राणावर बेतले तरच. ही कलमे ताप चढल्यावर वाचावयाची नसतात, घर सोडण्यापूर्वी वाचावयाची असतात.

येथे आम्हांस एक तुलना सुचते. बेव्हन यांची योजना सुरू झाली त्याच १९४८ साली आपल्या देशात कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याचा प्रारंभ झाला. गिरणीतला कामगार कोणत्या प्रांतातून आला, कोणती भाषा बोलतो, हे त्या कायद्याने विचारले नाही. त्याची वर्गणी भरली आहे एवढेच पाहिले. महाराष्ट्राबाहेर पोटापाण्यासाठी आलेल्या आमच्यासारख्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळावे. आपणही कोठे ना कोठे परकेच आहोत; फक्त आपल्याला दारात कोणी थांबविले नाही, म्हणून ते विसरलो.

औषधांचे शोध लागले, शस्त्रक्रिया सोप्या झाल्या, हे सारे खरे; परंतु परक्याच्या खाटेभोवतीचा वाद वैद्यकाने मिटविलेला नाही. आपले कोण, या प्रश्नाला ज्या काळी जसे उत्तर मिळाले, तसे त्या रुग्णालयाचे दार रुंद वा अरुंद झाले. १९४८ साली ते सताड उघडले होते, एवढे इतिहासात नोंदले गेले आहे. आणि एकदा उघडलेले दार पुन्हा उघडता येते, एवढी आशा त्या नोंदीतून घेता येते.

आमच्या स्नेह्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग चष्मा पुसून अर्ज पुढे ओढला आणि मधुमेहाच्या रकान्यात, 'बारा वर्षे', असे स्वच्छ अक्षरांत लिहिले. हप्ता वाढला, तेव्हा थोडे कुरकुरलेही. परंतु निघण्याच्या दिवशी तो कागद त्यांनी बरण्यांच्या पेटीत न ठेवता औषधांच्या पिशवीत ठेवला, हे आम्ही स्वतः पाहिले.